लाइनीत आलेला शब्द

मराठीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लेखन याद्यांचे आहे. एका रकान्यात इंग्रजी शब्द, शेजारच्या रकान्यात त्याचा मराठी पर्याय, आणि शेवटी पर्याय हाताशी असूनही लोक तो वापरत नाहीत याबद्दल खंत. या पद्धतीचा मुख्य दोष असा, की तीत प्रत्येक शब्दाला एकच अर्थ आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात जो शब्द रोजच्या तोंडात बसला, त्याचे अर्थ इतके फुटलेले असतात की तो मूळचा राहिलेलाच नसतो. हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी मी इथे एकच शब्द घेतो : लाईन.

हा शब्द निवडण्याचे कारण आहे. 'मराठीत तशी वस्तूच नव्हती म्हणून शब्द घ्यावा लागला' हा परकीय शब्दांच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद टेबल, स्टेशन, तिकीट यांना लागू पडतो. लाईनला तो लागू पडत नाही. ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी, सूत एवढे शब्द मराठीत आधीपासून होते. तरीही सावर्ड्याच्या बाजारात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाईन हा शब्द कानावर येतो, आणि दर वेळी निराळ्या अर्थाने. गेली काही वर्षे बाजारात, स्टेशनवर, एसटीत, बांधकामावर आणि शेतावर ऐकलेली अशी वाक्ये मी वहीत टिपत आलो आहे. पुढच्या विवेचनाचा आधार मुख्यतः तीच वाक्ये आहेत.

१. दोरीपासून दोरीपर्यंत

इंग्रजी 'लाईन'चे मूळ लॅटिन 'लीनेआ'मध्ये आहे, आणि 'लीनेआ'चे मूळ 'लीनुम' म्हणजे जवसामध्ये. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच झाडाच्या वाखाचा धागा निघतो. त्या धाग्याचे कापड ते लिनन, आणि तो धागा ताणून धरला की दिसते ती लाईन. म्हणजे कागदावरच्या रेघेच्या आधी हा शब्द दोरीचा होता.

मराठीतल्या 'सूत' या शब्दाने नेमका हाच प्रवास केला आहे. सूत म्हणजे धागा. सुतार हा शब्द संस्कृतातल्या सूत्रधाराशी जोडला जातो : मापाची दोरी धरणारा. आजही सुतार आणि गवंडी इंचाचा आठवा भाग सुतात मोजतात. 'दोन सूत कमी पडतंय' हे वाक्य कुठल्याही बांधकामावर ऐकायला मिळते. सरळपणाला आपण सुताची उपमा देतो आणि वाकड्या माणसाला सुतासारखा सरळ करण्याची धमकी देतो. दोन माणसांचे मन मिळाले की त्यांचे सूत जुळते. धागा, माप, सरळपणा, नाते : सुताने जे टप्पे गाठले, ते बहुतेक सगळे लाईननेही मराठीत येऊन गाठले आहेत. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. पण ताणलेली दोरी पाहून माणसाला जे सुचते, ते रोममध्ये आणि चिपळूण तालुक्यात सारखेच सुचलेले दिसते.

याचा सर्वांत बोलका पुरावा गवंड्याच्या पिशवीत सापडतो. थापी, ओळंबा, गुण्या आणि लाइनदोरी. जांभ्याच्या चिऱ्याचा थर लावताना दोन टोकांना ताणून बांधायची ती लाइनदोरी. एकाच वस्तूची दोन नावे शेजारी ठेवून हा जोडशब्द झाला आहे. दोरी म्हणजे वस्तू आणि लाईन म्हणजे तिचे काम, अशी वाटणी बोलणाऱ्याने करून टाकली. मुळात लाईन म्हणजेच दोरी, हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. भाताच्या शेतातही हीच दोरी आहे. चारसूत्री पद्धतीच्या लावणीत १५ आणि २५ सेंटिमीटरच्या अंतराने आलटून पालटून खुणा केलेली दोरी धरतात. पद्धतीचे नाव आहे ते सूत्राचे, शेतकरी म्हणतो 'लाइनीत लावणी'. सूत्र, दोरी आणि लाईन हे तीन शब्द एकाच चोंढ्यात एकत्र आलेले मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत.

२. शब्द संस्था घेऊन आला

लाईन मराठीत एकदा आली नाही. ती अनेकदा आली, आणि दर वेळी वेगळ्या दारातून.

पहिले दार छावणीचे. कंपनीच्या पलटणींत शिपायांच्या राहत्या घरांची ओळ म्हणजे लाईन. मुंबईतल्या मरीन लाइन्सचे नाव मरीन बटालियनच्या अशाच लष्करी वस्तीवरून पडले. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स, कोल्हापूर आणि धारवाड इथले लाईन बाजार ही नावे त्याच काळाची आठवण सांगतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीला जुनी माणसे अजून 'कॅम्प' म्हणतात. कोकणातून पलटणीत गेलेला शिपाई निवृत्त होऊन परतला, तो हा शब्द घेऊनच. आज पोलीस लाईन हा त्याच अर्थाचा उरलेला वारस. सरकारी कागदावर ती पोलीस वसाहत असते, पण तिथे वाढलेला मुलगा 'मी लाइनीतला' असेच म्हणतो.

दुसरे दार गिरणीचे. रत्नागिरीची माणसे मुंबईच्या गिरण्यांत मोठ्या संख्येने गेली. साच्यांच्या ओळींवर देखरेख करणारा लाईन जॉबर हा त्यांच्या रोजच्या जगण्यातला माणूस होता. इथे लाईन म्हणजे यंत्रांची रांग तर खरीच, पण अधिकाराची हद्दसुद्धा. 'माझ्या लाइनीत' म्हणजे माझा शब्द चालतो तिथवर.

तिसरे दार रेल्वेचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तरी सावर्ड्याला रूळ दिसायला जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग खुला झाला. त्यामुळे घाटावर जो शब्द पणजोबांनी उचलला, तो या अर्थाने आमच्याकडे नातवांच्या डोळ्यांदेखत आला. 'लाइनीच्या वरची वाडी' आणि 'लाइनीच्या खालची वाडी' असे दिशादर्शन त्यानंतरच सुरू झाले. त्याआधी ही खूण वहाळ, देऊळ किंवा हमरस्ता यांची असे.

रेल्वेने दिलेला आणखी एक प्रयोग म्हणजे 'लाईन क्लिअर'. पुढच्या स्टेशनातून तशी अनुमती मिळाल्याशिवाय स्टेशनमास्तर गाडी सोडू शकत नाही. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग अजून एकेरी असल्याने या परवानगीचे महत्त्व प्रवाशालाही कळते, कारण क्रॉसिंगसाठी गाडी उभी राहते ती तिच्याचसाठी. हा तांत्रिक शब्द आता लग्नाच्या बैठकीत आणि निवडणुकीच्या चर्चेत चालतो. मोठ्या बहिणीचे लग्न झाले की धाकटीची लाईन क्लिअर. प्रतिस्पर्ध्याने अर्ज मागे घेतला की उमेदवाराची लाईन क्लिअर. 'मार्ग मोकळा झाला' हा आपला जुना प्रयोग तिथे चालला असता. पण त्यात 'समोरून कोणी येत नाही ना' ही धाकधूक नाही. एकेरी मार्गाचा अनुभव असलेल्या माणसाला तीच सांगायची असते.

चौथे दार तारांचे. तारायंत्राचा निरोप मराठीत 'तार' झाला, त्याला कोणी लाईन म्हटले नाही. मागाहून टेलिफोन आला, तेव्हा 'तार' या शब्दाची जागा अडलेली होती. म्हणून फोनने लाईन घेतली असावी, असे मला वाटते. लाईन लागत नाही, लाईन कट झाली, साहेब दुसऱ्या लाइनीवर आहेत. मग वीज आली, आणि इथे बोलीने केलेली वाटणी पाहण्यासारखी आहे. कोकणातल्या पावसाळ्यात तीन गोष्टी होतात : लाईट जाते, लाईन पडते आणि वीज पडते. घरातला प्रवाह ती लाईट, खांबावरची तार ती लाईन, आणि वीज हा शब्द आभाळासाठी राखलेला. जिथे खरोखरच वीज पडून माणसे आणि गुरे दगावतात, तिथे 'वीज गेली' आणि 'वीज पडली' यांत एकच शब्द वापरणे सोयीचे नाही. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर उत्तर रत्नागिरीत एकच प्रश्न होता : 'लाईन उभी राहिली का?' तिथे 'वीजवाहिनी' शब्द ठेवून पाहावा. अर्थ कळेल, पण प्रश्न कोणी विचारला असे वाटणार नाही.

हीच तार जोडणाऱ्या माणसाचे नाव मात्र लाईनने पूर्णपणे जिंकलेले नाही. महावितरण त्याला जनमित्र म्हणते, यंत्रणेतले लोक लाइनमन म्हणतात आणि गाव बहुधा वायरमन. इंग्रजी शब्द आला की सगळे पर्याय मरतात, ही भीती किती ढोबळ आहे ते या तीन नावांवरून दिसावे.

३. रांग कुठे आणि लाईन कुठे

पाचवे दार टंचाईचे. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले आणि माणसांच्या रांगेला लाईन म्हणण्याची सवय शहरातून गावात पोचली. रेशनची लाईन, रॉकेलची लाईन, नोव्हेंबर २०१६मध्ये बँकेपुढची लाईन, गणपतीच्या आधी आरक्षणाची लाईन.

इथे रांग आणि लाईन यांतला फरक कानाला जाणवतो. देवळात दर्शनाची रांग असते. शाळेत प्रार्थनेला मुले रांगेत उभी राहतात. पाटीवर 'कृपया रांगेत उभे राहा' असे लिहिलेले असते, आणि पाटीखाली उभा असलेला माणूस मागच्याला विचारतो, 'लाईन कुठपर्यंत गेली?' रांगेत शिस्त आणि थोडे पावित्र्य आहे. लाइनीत गरज, गर्दी आणि आपला नंबर येईपर्यंत माल संपण्याची शंका आहे. रांग माणसाला उभे करते. लाईन मात्र 'लागते', म्हणजे आपोआप होते, जशी भूक लागते किंवा आग लागते. पर्याय म्हणून दोन्ही शब्द कोशात शेजारी बसतील, वापरात ते एकमेकांची जागा घेत नाहीत.

शिक्षण आणि धंदा यांतली लाईन आणखी वेगळी. 'मुलाला कुठल्या लाइनीला घातलंत?' हा प्रश्न दहावीच्या निकालानंतर सावर्ड्यात घरोघरी विचारला जातो. सायन्सची लाईन, आयटीआयची लाईन, ड्रायव्हर लाईन, पिक्चर लाईन. यातली क्रियापदे पाहिली तर ती अस्सल मराठी आहेत. आपण मार्गाला लागतो, नादी लागतो. त्याच साच्यात 'चांगल्या लाइनीला लागला' आणि 'भलत्या लाइनीला लागला' हे दोन्ही प्रयोग बसले. गावातच कलामहाविद्यालय असल्याने लाईनचा एक नाजूक अर्थही इथे ऐकू येतो. चित्रकलेचे विद्यार्थी एखाद्याची 'लाईन चांगली आहे' म्हणतात, तेव्हा त्यांना रेघ सरळ आहे असे म्हणायचे नसते. हाताचा जोर, वेग आणि आत्मविश्वास त्यात आला. रेषा हा शब्द त्यांना ठाऊक आहे, ते तो लेखी उत्तरात लिहितातही.

क्रिकेटने मात्र उलट उदाहरण दिले. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचन घडवले. त्या परंपरेत गोलंदाजाच्या लाईनला 'दिशा' आणि लेंग्थला 'टप्पा' हे शब्द इतके स्वाभाविकपणे रुळले की ते भाषांतर वाटत नाहीत. त्यांना यश आले, कारण ते मैदानावर डोळ्यांसमोर काय घडते आहे ते पाहून बोलले.

४. लाइनीत जाणे

आता या शब्दाचा असा एक अर्थ, जो मला कुठल्याही इंग्रजी कोशात अपेक्षित नाही. 'त्यांचं घर लाइनीत गेलं.'

आधी रेल्वेसाठी आणि नंतर मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी जमिनी घेतल्या गेल्या. मोजणी झाली, खुंट्या रोवल्या गेल्या, आणि ज्याची जागा आखणीत आली तो म्हणू लागला, 'आमचं लाइनीत गेलं.' कलमे लाइनीत गेली, विहीर लाइनीत गेली, अर्धी पडवी लाइनीत गेली आणि अर्धी राहिली. सरकारी भाषेत इथे आखणी, संपादन, बाधित असे शब्द आहेत. 'बाधित' म्हणजे ज्याला त्रास झाला तो. 'लाइनीत गेलं' या वाक्यात त्रास देणारा कोणी नाही. घर जणू स्वतःच्या पायांनी चालत गेले.

२२ जुलै २०२१च्या महापुरानंतर हाच प्रयोग चिपळूणात नव्या कारणाने ऐकू येऊ लागला. वाशिष्ठीच्या पूररेषांचा प्रश्न पेटला. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आत बांधकामावर निर्बंध येतात, म्हणून शहरभर विरोध झाला. निवेदनांत शब्द होता 'पूररेषा'. बोलण्यात होते, 'आमचं रेड लाइनीत आलं.'

भूमितीत रेषेला रुंदी नसते. तिच्यावर असता येते, अलीकडे किंवा पलीकडे असता येते, पण तिच्यात असता येत नाही. लाइनीत मात्र असता येते, कारण तिला रुंदी आहे : रेल्वेच्या जमिनीची, रस्त्याच्या हद्दीची, पुराच्या पाण्याची. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर उतरली की तिच्या पोटात माणसांची घरे असतात. हा फरक बोलीने एका सप्तमीच्या प्रत्ययात पकडला आहे. 'पूररेषेत' म्हटले तर व्याकरण बिघडत नाही, पण ते नकाशा काढणाऱ्याचे म्हणणे वाटते. 'लाइनीत' हे घर गेलेल्याचे म्हणणे आहे.

५. मारणे आणि देणे

शब्दाचा गौरवच करायचा असता तर हा भाग मी गाळला असता. 'लाईन मारणे' हा प्रयोग शाळेत दोन अर्थांनी चालतो. गुरुजी म्हणतात, 'वहीत लाइनी मारून घ्या', तिथे 'रेघा मारणे' या प्रयोगाची ती नक्कल आहे. मागच्या बाकावरची मुले ज्या अर्थाने तो वापरतात, त्याला फेऱ्या मारणे आणि डोळा मारणे यांची सोबत आहे. त्याला जोडून 'लाईन देणे' आले. मुलगा लाईन मारतो, मुलगी लाईन देते किंवा देत नाही.

याची तुलना सूत जुळण्याशी करावी. सूत 'जुळते'. ते कोणी जुळवत नाही, आणि जुळायला दोन माणसे लागतात. 'लाईन मारणे' या प्रयोगात एक मारणारा आणि एक जिच्यावर मारली ती, अशी रचना क्रियापदातच आहे. स्टेशनपासून कॉलेजपर्यंत रोज कोणी मागे येत असेल तर मुलीच्या दृष्टीने तो पाठलाग आहे. २०१३च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने तो स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात तो आज आहे. पण घरात आणि गावात तीच गोष्ट 'लाईन मारतोय, दुसरं काय' अशी सांगितली की तिचे वजन उतरते, ती वयाची गंमत होते. मुलगी तक्रार करते ती पाठलागाची, आणि ऐकणारा ऐकतो ती लाईन. एखाद्या शब्दाला जाब विचारायचा असेल तर तो इंग्रजी आहे म्हणून विचारण्यापेक्षा इथे विचारावा. आणि इथे दोष देण्यासारखे जे आहे, ते 'मारणे' या मराठी क्रियापदात अधिक आहे.

६. शुद्धीचे माप

भाषाशुद्धीची चर्चा रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला परकी नाही. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची मोहीम त्यांनी तिथूनच चालवली. माधवराव पटवर्धनांचे, म्हणजे माधव ज्यूलियनांचे, 'भाषाशुद्धि-विवेक' १९३८चे. ज्या पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला होता, त्यांनीच पुढे शुद्धीचा पक्ष घेतला. त्यांच्या अभ्यासाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. या चळवळीला यशही आले. दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द आज कोणाला घडवलेले वाटत नाहीत. दारिद्र्यरेषा आणि नियंत्रण रेषा हे मागाहूनचे शब्दही पक्के रुजले आहेत.

पण हे यशस्वी शब्द कुठे राहतात ते पाहावे. ते अर्जावर, पाटीवर, बातमीत आणि आदेशात राहतात. जिथे लिहिणे आधी आणि बोलणे नंतर, तिथे घडवलेला शब्द टिकतो. जिथे बोलणे आधी, तिथे लोकच घडवतात. शुद्धीच्या पक्षाने शब्दाचा जन्मदाखला तपासला. तो कुठून आला, कोणत्या वंशाचा, हे पाहिले. माझे म्हणणे असे, की मराठीने आपला-परका ठरवण्यासाठी निराळे माप आधीपासून वापरलेले आहे, आणि ते माप म्हणजे सामान्यरूप.

मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाला वाकावे लागते. भिंत, भिंतीला. घर, घरात. वकील हा अरबी शब्द, पण वकिलाला म्हणताना तो मराठीच्या हाताने वाकतो. लेखनाचा नियमही त्याला मराठीच मानतो : अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ, आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व. लाईनने हे सगळे केले आहे. ती स्त्रीलिंगी झाली, तिचे अनेकवचन लाइनी झाले आणि ती लाइनीत, लाइनीला, लाइनीवर अशी चालू लागली. म्हणूनच 'लाईन' दीर्घ आणि 'लाइनीत' ऱ्हस्व हे लेखन मी जाणीवपूर्वक ठेवले आहे. वकिलाला जो न्याय, तोच तिला.

आणखी एक खूण आहे. रांगेचे अनेकवचन रांगा, सामान्यरूप रांगे. ओळीचे अनेकवचन ओळी, सामान्यरूपही ओळी. लाईन चालली ती ओळीसारखी. 'लाइनेत' असे कोणी म्हणत नाही. यावरून तिने ओळीचाच हात धरला, असा निष्कर्ष कोणी काढील. तो मी काढत नाही, कारण सायकली आणि फायलीही तशाच चालतात, आणि बॅगा मात्र रांगांसारख्या. एवढे निश्चित म्हणता येते, की इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही मराठीने आपल्या दोन्ही जुन्या साच्यांत घातले, तिसरा साचा त्यांच्यासाठी काढला नाही.

याच मापाने 'ऑनलाइन' पाहावा. तो लाईनचाच वंश, पण त्याला ना लिंग, ना वचन, ना सामान्यरूप. 'ऑनलाइनीत' असे कोणी म्हणत नाही. रोज वापरूनही तो पाहुणाच राहिला आहे.

७. मध्ये

काळजीची गोष्ट आहे ती याच ठिकाणी. गेल्या काही वर्षांत 'लाइनीत उभा राहा'ऐवजी 'लाइनमध्ये उभा राहा' हे रूप वाढताना ऐकू येते. शहरात ते आधी रुळले, आता इथेही शिकल्यासवरल्या तोंडी येते. इंग्रजी शब्द दोन्हीत तोच आहे. 'मध्ये' हे तर शुद्ध मराठी शब्दयोगी अव्यय. यादी करणाऱ्याला या दोन वाक्यांत काहीच फरक दिसणार नाही, उलट दुसऱ्यात एक मराठी शब्द जास्तच आहे. पण 'मध्ये'लाही सामान्यरूप लागते : घरामध्ये, भिंतीमध्ये, गावामध्ये. 'लाइनीमध्ये' म्हटले असते तर तक्रार नव्हती. 'लाइनमध्ये' म्हणताना शब्द वाकलेला नाही. आधी मराठी झालेला शब्द पुन्हा इंग्रजीकडे परतला आहे.

हे लाईनपुरते थांबले असते तर त्यावर लेख लिहिण्याची गरज नव्हती. न वाकवण्याची ही सवय आता मराठी नावांपर्यंत पोचली आहे. पुण्यात, ठाण्यात ही रूपे सोडून जाहिरातींत 'पुणेमध्ये', 'ठाणेमध्ये' छापले जाते. आमच्या गावाचे सामान्यरूप सावर्ड्या-. सावर्ड्यात, सावर्ड्याला, सावर्ड्याचा. दुकानांच्या फलकांवर आणि कार्यक्रमांच्या पत्रिकांवर आता 'सावर्डेमध्ये' दिसते. त्या ओळीत एकही इंग्रजी अक्षर नसते, आणि शुद्धीच्या कुठल्याही यादीत ती चूक म्हणून सापडणार नाही. एसटीचा वाहक मात्र अजून 'सावर्ड्याचे उतरून घ्या' असेच ओरडतो, आणि त्याच्या वाक्यात गावाचे नाव बरोबर वाकते. पुढच्या पिढीच्या भाषेविषयी ज्यांना आस्था आहे, त्यांनी मुलांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द किती आले हे मोजण्याआधी, आलेला शब्द ती 'लाइनीत' म्हणतात की 'लाइनमध्ये', एवढे ऐकून पाहावे.